वॉर्डबॉय, मावशी, अटेंडंटची मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाजगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत वॉर्डबॉय, आया, पेशंट केअर अटेंडंट या जागांसाठी जाणारी मुलं-मुली, आणि चाळिशीनंतर पहिल्यांदा नोकरीला निघालेल्या बायकाही, साधारण हेच प्रश्न विचारतात. मी इन्चार्ज सिस्टर म्हणून अशा मुलाखतींना बसत आले आहे, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या पलीकडून आलेली आहेत.

सरकारी हॉस्पिटलच्या भरतीलाही मुलाखत असते का?

नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाची गट ड ची सरळसेवा भरती परीक्षेवर होते. २०२३ च्या मोठ्या जाहिरातीत गट क आणि गट ड मिळून १०,९४९ जागा होत्या. परीक्षेला मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते. ट्रॉली कशी ढकलता हे तिथे कोणी विचारत नाही. "साहेबांशी ओळख आहे, आत लावून देतो" म्हणणारा भेटला तर एवढं लक्षात ठेवा: ३१ ऑक्टोबर २०२१ च्या गट ड परीक्षेचा पेपर फुटला, तेव्हा खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यासकट अनेकांना अटक झाली होती.

मुलाखत होते ती खाजगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत, नर्सिंग होममध्ये आणि ठेकेदारामार्फत माणसं घेतात तिथे. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

जाहिरातीत कुठे वॉर्डबॉय, कुठे जीडीए, कुठे हाऊसकीपिंग. फरक काय?

वॉर्डबॉय म्हणजे मामा: पेशंट उचलणं, ट्रॉली-व्हीलचेअर, सिलिंडर, सॅम्पल लॅबला पोचवणं, पुरुष पेशंटचं बेडपॅन-युरिन पॉट. मावशी म्हणजे बायका आणि लहान मुलांचं अंग पुसणं, वेणी, भरवणं, चादरी. जीडीए, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट, हे कोर्स केलेल्याचं पद. कामं बरीचशी तीच, पण शिकून आलेला माणूस म्हणून प्रश्न जरा खोलात विचारतात. हाऊसकीपिंगकडे फरशी, संडास-बाथरूम आणि कचरा. मोठ्या हॉस्पिटलात या रेषा पाळल्या जातात. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये एकच मावशी हे सगळं करते, वर डॉक्टरांचा चहाही. म्हणून जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका, कामाची यादी विचारा.

अनुभव नाही. घरी आजारी माणसाचं केलंय, ते सांगायचं का?

जरूर सांगा. मात्र "आजीची खूप सेवा केली" एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. तेच असं सांगा: "आजी पॅरालिसिसने दीड वर्ष अंथरुणाला होती. दर दोन तासांनी कूस बदलायचो. चादरीला सुरकुती राहू द्यायचो नाही. एकदा माकडहाडाजवळ लाल झालेलं दिसलं, तेव्हा त्या बाजूवर झोपवणं बंद केलं आणि डॉक्टरांना दाखवलं." यात बेडसोर (पडून राहून कातडीला होणारी जखम) हा शब्द कुठेही नाही, तरी हा माणूस कातडीकडे बघतो हे आम्हाला समजतं. कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच ते जमत नाही.

हॉटेलात वेटर होता, मॉलमध्ये साफसफाई केली, पाळणाघर चालवलं, तेही सांगा. उभं राहून बारा तास काम, माणसांची बोलणी खाऊन शांत राहणं, जड उचलणं, यातलं काही ना काही तिथे शिकलेलं असतं.

खोटं अनुभवपत्र मात्र आणू नका. मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, एकमेकींना ओळखतात, एक फोन पुरतो.

"तुमच्याबद्दल सांगा" म्हटलं की गडबड होते.

सगळ्यांचीच होते. चार वाक्यं पुरतात: नाव, कुठे राहता आणि यायला किती वेळ लागतो, शिक्षण आणि आधीचं काम, हे काम का हवंय. "लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे" हे वाक्य सोडून द्या, ते सगळेच म्हणतात. पगारासाठी हवंय असं सांगितलं तरी चालतं. "घर चालवायचंय, आणि कारखान्यापेक्षा माणसांत काम करणं मला जमतं" असं एकाने सांगितलं होतं. मला ते उत्तर अजूनही आवडतं. राहायला लांब असाल तर सकाळच्या पाळीला कुठल्या गाडीने पोचाल ते आधीच ठरवून ठेवा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

मराठीत बोललं तर चालेल का? इंग्रजी यावं लागतं का?

मराठी चालतं, मुंबई-पुण्यात हिंदी समजायला हवी. इंग्रजी बोलायची गरज नाही. पण बेडजवळच्या पाट्या वाचता आल्या पाहिजेत, आणि ओटी (ऑपरेशन थिएटर), आयसीयू (अतिदक्षता विभाग), कॅज्युअल्टी (तातडीच्या पेशंटचा विभाग), एनबीएम म्हणजे काय हे माहीत हवं. एनबीएम म्हणजे पेशंटला तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

किळस येते का, असं विचारतात. खरं सांगायचं का?

खरंच सांगा. "नाही, मुळीच नाही" हे उत्तर आम्ही ऐकतो आणि पुढे सरकतो. "सुरुवातीला येईल, पण पेशंटला चेहऱ्यावर दिसू देणार नाही" म्हणणारा माणूस काम ओळखून आलाय असं वाटतं.

लगेच जोडप्रश्न येतो: पेशंटने बिछान्यातच संडास केली, बाजूच्या खाटेवरचे जेवतायत, मुलगा ओरडतोय. काय कराल? बरेच जण चादर बदलायला धावतात. आधी पडदा ओढा. पेशंटला दोन शब्द बोला, कारण सगळ्यात जास्त लाज त्याला वाटत असते. ग्लोव्हज घाला, कोमट पाणी आणि कोरडे कपडे जवळ घ्या, म्हणजे मध्येच उठून जावं लागणार नाही. बायकांना पुसताना पुढून मागे. कातडी कोरडी करा, लाल झालीय का बघा. संडास काळी असेल, रक्त दिसलं, तर फेकून देण्याआधी सिस्टरला दाखवा. हे शेवटचं सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो, आणि भेटला की टेबलावरचे एकमेकांकडे बघतात.

"हे काम आमच्यात करत नाहीत" असं मनात असेल तर मुलाखतीलाच येऊ नका. वॉर्डात पेशंटची जात बघायची नसते, कामाचीही नाही. पेशंट दगावला तर त्याला स्वच्छ करून, ओळखपट्टी लावून शवागारात पोचवणं हेही याच नोकरीत येतं, आणि त्याबद्दल मुलाखतीत सरळ विचारतात.

कचऱ्याचे रंग पाठ करावे लागतात का?

हो, आणि हा प्रश्न न विचारणारं हॉस्पिटल मला माहीत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार:

पिवळ्या पिशवीत रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग, प्लास्टर, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत वापरलेलं प्लास्टिक आणि रबर: सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या, कॅथेटर (लघवीची नळी), रिकामी केलेली युरिन बॅग, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, सुई न निघणाऱ्या सिरिंजा. निळ्यात काच: फुटकी-रिकामी व्हायल, अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या), आणि शरीरात बसवायचे धातूचे इम्प्लांट. चहाचा कप, केळ्याची साल, पेपर हे साध्या कचऱ्यात.

पाठ करून सगळेच येतात, म्हणून प्रश्न आडून येतो. टेबलावर सिरिंज ठेवतात आणि म्हणतात, टाका. सुई लावलेली असेल तर? कॅप परत लावायला जाल तर गेलात. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं. सुई कटरमध्ये किंवा पांढऱ्या डब्यात, सिरिंज लालमध्ये. दुसरा आवडता प्रश्न: पिशवी बांधताना लाल पिशवीत सुई दिसली, काय कराल? हात घालून काढेन म्हणणारे खूप. बरोबर उत्तर: हात लावणार नाही, पिशवी दाबणार नाही, दुसऱ्याला हात लावू देणार नाही, सिस्टरला बोलावेन. पिशवी पाऊण भरली की बांधायची, आणि प्रक्रिया न केलेला हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हेही लक्षात असू द्या.

सुई टोचली तर काय, हे विचारलं तर?

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. लगेच इन्चार्जला सांगायचं आणि नोंद करायची. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर उपयोग होत नाही. पूर्ण कोर्स २८ दिवसांचा. भीतीने लपवून ठेवणारी मुलं असतात, म्हणून "सांगाल का?" असा प्रश्न दोनदा फिरवून विचारतात.

प्रॅक्टिकलमध्ये काय करून दाखवायला लावतात?

हात धुणं, बेड लावणं, आणि बेडवरून ट्रॉलीवर पेशंट घेणं. हात धुताना घाई करू नका: साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३०. अंगठा आणि बोटांची टोकं बहुतेकांची राहतात. अंगठी आणि घड्याळ आधी काढा.

ट्रॉलीचं मात्र नीट वाचा. पेशंटला नाव विचारा आणि हातातल्या पट्टीवरचं नाव-नंबर जुळवा. नुसतं खाट नंबर चार म्हणून कोणाला उचलायचं नाही, संध्याकाळपर्यंत खाटा बदललेल्या असतात. काय करणार आहात ते पेशंटला सांगा. ट्रॉली बेडला चिकटवा, उंची सारखी करा, दोन्हीचे ब्रेक लावा, मग रेलिंग खाली. सलाईन, ऑक्सिजन, लघवीची पिशवी कुठे अडकलीय का बघा. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच ठेवायची, पेशंटच्या पोटावर नाही. गुडघे वाकवा, पाठ सरळ, सगळ्यांनी एकदम, तीन म्हटल्यावर. रेलिंग वर करूनच ब्रेक काढा. नेताना पाय पुढे, डोकं आपल्याकडे, म्हणजे चेहरा दिसत राहतो.

एकदा आमचीच एक सिस्टर पेशंट होऊन झोपली होती. एक मुलगा आला, सगळ्या पायऱ्या तोंडपाठ, हात दणकट. त्याने एकट्याने तिला उचलायला हात घातला, ट्रॉलीचा ब्रेक मोकळा, ट्रॉली वीतभर सरकली आणि सिस्टर किंचाळली. त्याच्यानंतर आलेली बाई दहावीही झालेली नव्हती. ती म्हणाली, "ताई, आता तुम्हाला इकडे घेतोय, हात छातीवर घ्या," आणि मग आमच्याकडे वळून, "मी एकटीने नाही घेणार, अजून दोघं द्या." आम्ही तिला घेतलं. पायऱ्या महिनाभरात शिकवता येतात. आपल्याला एकट्याने काय जमणार नाही हे ओळखून तोंडाने सांगणं शिकवायला फार वेळ लागतो.

प्रसंग सांगून "तुम्ही काय कराल" विचारतात. सगळ्याला "सिस्टरला सांगेन" म्हटलं तर?

अर्धे मार्क मिळतील. सिस्टरला सांगायचंच असतं, पण ती येईपर्यंत तुम्ही काय करता आणि कशाला हात लावत नाही, हे आम्हाला ऐकायचं असतं. नेहमीचे काही प्रसंग:

पेशंट बाथरूममध्ये पडला. ओढून उठवू नका. तिथेच थांबा, हाक मारा, बोलतोय का, श्वास चालू आहे का बघा, डोक्याला लागलंय का बघा. त्याला एकटं सोडून सिस्टरला शोधायला पळायचं नाही. बेल दाबा नाहीतर ओरडा.

ऑपरेशनला जायचा पेशंट पाणी मागतोय, एनबीएम आहे. दोन घोट दिले तर काय होतं? भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. द्यायचं नाही, गोड बोलून सांगायचं. नातेवाइकाने आधीच पाजलं असेल तर ते लपवायचं नाही.

सलाईन संपत आलंय. सिस्टरला सांगा. बाटली बदलू नका, स्पीड कमी-जास्त करू नका. ऑक्सिजनच्या फ्लोचंही तेच. "मला येतं, मी आधीच्या ठिकाणी करायचो" हे अभिमानाने सांगणारे भेटतात, आणि तिथेच मुलाखत संपते.

मुलगी विचारते, "मामा, रिपोर्ट काय आलाय हो? कॅन्सर आहे का?" तुम्हाला माहीत असलं तरी सांगायचं नाही. "डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा, मी सिस्टरना तुम्ही थांबलाय ते सांगतो." पेशंटचा फोटो नाही, स्टेटसला वॉर्ड नाही.

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक शंभराची नोट खिशात कोंबतात. इथे साधूपणाचं भाषण नको. "घेत नाही, हॉस्पिटलचा नियम आहे" एवढं पुरे.

आग, ऑक्सिजन, कोड याबद्दल विचारतात का?

आता जास्त विचारतात. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, आणि त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. त्यानंतर मुलाखतीच्या टेबलावर हा विषय पक्का बसला. क्रम लक्षात ठेवा: जवळच्या पेशंटला आधी बाहेर काढा, इतरांना कळवा, दार बंद करा, आग लहान असेल तरच विझवा. अग्निशामक वापरताना पिन काढा, नळी आगीच्या बुडाकडे धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. लिफ्ट नाही.

ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, खांदा पांढरा. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही, आडवा लोळवत न्यायचा नाही. कोड म्हणजे स्टाफला सावध करायची ठरलेली हाक: कोड रेड म्हणजे आग, कोड ब्लू म्हणजे कोणाचं तरी हृदय थांबलंय, कोड पिंक म्हणजे बाळ हरवलं. बाकीचे कोड हॉस्पिटलप्रमाणे बदलतात.

कपडे? कागदपत्रं?

साधा धुतलेला शर्ट-पँट किंवा पंजाबी ड्रेस, साडी असेल तर पदर पिन केलेला. नखं कापलेली, कारण हातांकडे आमचं पहिलं लक्ष जातं. बंद, न घसरणारे बूट. तोंडात गुटखा-मशेरी नको, वासही नको.

शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची मार्कशीट, आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो, असेल तर अनुभवपत्र. ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. ते ठेवून घेणाऱ्या ठिकाणी थांबू नका. पोलिसांची चारित्र्य पडताळणी बहुतेक जण निवड झाल्यावर मागतात.

पगाराचं कसं विचारायचं?

लाजू नका, पण "किती देता?" एवढंच विचारलं तर अर्धवट उत्तर मिळतं. हातात किती पडतात, पाळी आठ तासांची की बारा, आठवड्याची सुट्टी भरपगारी का, ओव्हरटाइम कसा धरतात, पगार हॉस्पिटल देणार की ठेकेदार, हे विचारा. पीएफमध्ये पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढाच वाटा मालकाचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतो. त्यात तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. "पीएफ कापला तर हातात कमी येईल, नकोच ना?" असं कोणी समजावलं तर मान डोलावू नका.

बायकांना लग्न, मूल, रात्रपाळी याबद्दल विचारतात. उत्तर द्यायलाच हवं का?

"रात्रपाळी जमेल का" हा प्रश्न रास्त आहे. हो म्हणणार असाल तर घरी बोलून या. "मूल कधी होणार" हा प्रश्न रास्त नाही, तरी विचारला जातो. "माझी ड्यूटी मी सांभाळेन" म्हणून पुढे जा. तुम्हीही विचारा: रात्री वॉर्डात किती जणी असतात, कपडे बदलायची खोली आहे का, घरी जायची सोय काय, तक्रार समितीत कोण आहे. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते.

एजन्सी फॉर्मचे, युनिफॉर्मचे, डिपॉझिटचे पैसे मागते. द्यावेत का?

नोकरी मिळण्याआधी एक रुपयाही देऊ नका. युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापणार असतील तर किती आणि कधीपर्यंत ते नेमणूकपत्रात लिहून घ्या. आणि त्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनला जाऊन एवढंच विचारा की भरती चालू आहे का. निम्म्या फसवणुकी तिथेच उघड्या पडतात.

मेडिकलमध्ये काय तपासतात? पाठदुखी सांगावी का?

रक्त, छातीचा एक्स-रे, बीपी-शुगर, डोळे. पाठदुखी, हर्निया सांगा. तुम्हाला ट्रॉलीऐवजी ओपीडी किंवा सीएसएसडीला टाकता येतं. सीएसएसडी म्हणजे उपकरणं निर्जंतुक करण्याचा विभाग. लपवून तिसऱ्या दिवशी पेशंटसकट खाली बसलात तर दोघांचंही नुकसान. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस कचरा हाताळणाऱ्यांना देणं ही कचरा नियमांप्रमाणे हॉस्पिटलची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात, त्यामुळे पहिला डोस कधी देणार ते मुलाखतीतच विचारून घ्या.

"दोन दिवस ट्रायल करा, मग बघू" म्हणाले. करावी का?

एखाद्या दिवसाची ट्रायल करायला हरकत नाही, तुम्हालाही वॉर्ड बघायला मिळतो. आधी तीन गोष्टी विचारा: त्या दिवसाचे पैसे मिळणार का, कोणाच्या हाताखाली काम करायचंय, आणि ग्लोव्हज कुठे ठेवतात. आठवडाभर फुकट राबवून "कळवतो" म्हणणारी ठिकाणंही आहेत. ट्रायलमध्ये लस झालेली नसताना सुया-ब्लेडचा डबा उचलायला सांगितला तर नाही म्हणा आणि कारण सांगा. चांगली इन्चार्ज त्यावर रागावणार नाही. रागावली तर दुसऱ्या हॉस्पिटलात अर्ज टाका, अटेंडंटच्या जागा वर्षभर निघत असतात.